आमच्या स्वयंपाकघराचं कुलूप : सोसायटीच्या सभासदांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, गणेशोत्सव समिती आणि सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या घराची चर्चा झाली. "स्वयंपाकघराला कुलूप लावतात, पोराला उपाशी ठेवतात" इथून सुरुवात झाली आणि "१०९८ ला फोन करायला हवा" इथपर्यंत ती पोचली. नंतर मेसेज डिलीट झाले, पण तोवर घरातल्या सगळ्यांनी ते वाचले होते. ज्यांनी फोनची गोष्ट काढली त्यांच्यावर माझा राग नाही. शेजारचं मूल उपाशी आहे असं वाटलं तर गप्प बसूच नये. जरूर फोन करा. १०९८ ची, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनची, माणसं आली तर त्यांना चहा देईन आणि फाइल दाखवीन. फाइल जाड आहे, जरा सवडीने या म्हणावं.

कुलूप आहे, हे खरं. स्वयंपाकघराच्या दाराला आहे, फ्रिजला आहे. ज्या गोदरेजच्या कपाटात एकेकाळी आमच्या सौ.चे दागिने आणि एलआयसीच्या पॉलिस्या असायच्या, त्यात आता शेंगदाणे, गूळ, साखर आणि पोह्यांचे डबे आहेत. (दागिने कुठे हलवले ते खुल्या पत्रात लिहीत नाही.) किल्ल्या माझ्या करगोट्याला असतात. मी निवृत्त होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअरकीपर होतो, त्यामुळे कुलूप-किल्लीचं काम मला नवीन नाही. म्हातारपणी पुन्हा त्याच खात्यात बदली होईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

माझ्या नातवाला तुम्ही सगळे नावाने ओळखता, म्हणून इथे नाव लिहीत नाही. त्याला प्रॅडर-विली सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे. यात पोट भरल्याचं कळतच नाही, कुलूप त्यासाठीच. १९५६ साली झुरिचमधल्या प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या तीन डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन पहिल्यांदा छापलं, त्यावरून हे नाव पडलं. मधल्या बिचाऱ्याचं नाव बोलता बोलता गळालं. साधारण १०,००० ते ३०,००० जन्मांमागे असं एक मूल असतं, असं सांगतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांच्या वर होती. हिशोब कितीही हात आखडून केला तरी या शहरात असं घर आमचं एकटंच असणार नाही. म्हणून हे पत्र नुसतं आपल्या नोटीस बोर्डापुरतं न ठेवता उघड लिहितो आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमधल्या किंवा कळव्यातल्या एखाद्या चाळीतल्या आजोबांना ते छापून शेजाऱ्यांना देता यावं.

आता मुळापासून सांगतो. आपल्या प्रत्येकाकडे १५ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या गुणसूत्राच्या एका ठरावीक भागातली काही जनुकं आईकडच्या प्रतीत बंदच असतात, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच. तिथलं काम वडिलांकडची प्रत एकटी सांभाळते. आमच्या नातवाच्या बाबतीत वडिलांकडच्या प्रतीतला नेमका तोच तुकडा नाही. काही मुलांमध्ये तुकडा जागेवर असतो, पण दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात, परिणाम तोच. नुसती गुणसूत्रं मोजून हे दरवेळी सापडत नाही, त्यासाठी रक्ताची मिथायलेशनची, म्हणजे कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद हे बघणारी, तपासणी करावी लागते.

आणि ज्या मावशींनी माझ्या सुनेला लिफ्टमध्ये विचारलं होतं की "ग्रहणात काही चिरलं-बिरलं होतंस का गं?", त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: तुकडा गळला तो वडिलांकडच्या प्रतीतला, म्हणजे आमच्या घराण्याकडचा. माझी सून तेव्हा चित्रात नव्हतीच. माझ्या मुलाचाही यात काही दोष नाही. ही गोष्ट बीज तयार होतानाच आपली आपण घडते. ग्रहण, डोहाळे, मोबाइल, पपई यांचा तिच्याशी संबंध नाही. अशा प्रकारात त्याच आईवडिलांना पुन्हा असं मूल होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते.

जन्मला तेव्हा पोरगा कापसाच्या बाहुलीसारखा लुळा होता. रडणं ऐकू यायचं नाही. दूध ओढायची ताकदच नव्हती, म्हणून नाकातून नळी घातली होती. घरी आणल्यावर सौ. मांडीवर घेऊन बोंडल्याने थेंब थेंब पाजायची आणि एक वाटी संपायला तासभर लागायचा. त्या काळात आम्ही देवाकडे एकच मागत होतो, याला भूक लागू दे. या आजाराची चाल अशी विचित्र आहे. पहिली दोन-एक वर्षं मूल खात नाही म्हणून आई रडते. पुढे खाण्यात फरक नसताना वजन वाढायला लागतं. मग दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान केव्हातरी भूक येते, आणि आली की जात नाही.

ही भूक तुमच्या-आमच्या भुकेसारखी नाही, हे कळायला आम्हालाही वेळ लागला. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक बिन कार्ड लावलेलं असतं. माल आला की त्यावर जमा, गेला की वजा. समजा खण काठोकाठ भरला आहे, पण कार्डावर जमेची नोंदच होत नाही. खरेदी खातं आपलं मागणी लावतच राहणार. नातवाच्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात असं काहीसं बिघडलेलं आहे. पोट भरल्याची नोंद तिथे होत नाही. पानावरून उठताना त्याला जेवढी भूक असते, तेवढीच बसताना होती. त्यात स्नायू कमी, शरीराची खपत कमी, त्यामुळे त्याच्या वयाच्या मुलांना लागतं त्याच्या साधारण ६० ते ८० टक्केच अन्न त्याला पुरतं. जास्त गेलं की थेट अंगावर. म्हणून सोसायटीत दोन पक्ष पडले आहेत: पहिला म्हणतो याला उपाशी ठेवतात, दुसरा म्हणतो याला खाऊ घालून घालून फुगवलाय. दोन्ही पक्षांनी एकदा समोरासमोर बसून घ्यावं.

"धाक दाखवा, सवय लागेल" असं सांगणारे खूप भेटतात. सवय लागत नाही. "औषध नाही का?" असंही विचारतात. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन आम्ही रोज रात्री देतो. त्याने उंची आणि स्नायूंना फायदा होतो. भुकेचं काम त्याचं नाही. भुकेसाठी पहिलं औषध, डायझॉक्साइड कोलिन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मंजूर झालं. ते आमच्या घरात आलेलं नाही, आणि तेही आजार मुळातून काढणारं नव्हे. तोवर औषध म्हणाल तर घड्याळ आणि कुलूप.

घड्याळ कसं, ते सांगतो. फ्रिजच्या दारावर एक तक्ता आहे. सकाळी साडेसात, अकरा, दुपारी दीड, संध्याकाळी पाच, रात्री आठ. प्रत्येक वेळेपुढे काय मिळणार ते लिहिलेलं: एक फुलका, वाटीभर भाजी, पातळ वरण, काकडी. सून आदल्या रात्री लिहून ठेवते, कारण ती आणि मुलगा सकाळी आठच्या लोकलला पळतात. शाळेची वेळ सोडली तर दिवसभर नातू, मी आणि तक्ता. तो मला अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतो, "आबा, पाचला काय?" मी म्हणतो, "तक्त्यावर बघ." तो बघतो, वाचतो, शांत होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारतो. तक्त्यात बदल झाला, समजा पपईच्या जागी पेरू आला, तर पुढचा तासभर आमच्या घरातून जो आवाज येतो तो खालच्या मजल्यावर जातो, हे मला माहीत आहे. त्याबद्दल खालच्यांनी कधी कुरकुर केली नाही, त्यांचे आभार.

अशा मुलांच्या घरच्यांना जगभर तीन गोष्टी शिकवतात. जेवण कधी आणि काय याबद्दल शंका नको. ज्यादा काही मिळेल ही आशा नको. म्हणजे मग अपेक्षाभंग होत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मधलं वाक्य मला फार कडू वाटलं. आजोबाने नातवाला आशाही दाखवायची नाही? आता रोज बघतो, की जेव्हा ज्यादा मिळण्याची शक्यता शून्य असते, तेव्हाच हा पोरगा खेळतो, हसतो, माझ्याशी गप्पा मारतो. जरा फट दिसली की सगळं डोकं त्या फटीत जाऊन बसतं.

तुमच्या एका बिस्किटाचं म्हणून तर भय वाटतं. त्यातल्या साखरेचं मी कुठूनतरी वजा करीन, संध्याकाळचा खाकरा अर्धा करीन. पण तुम्ही बिस्किट दिलंत की त्या दाराशी त्याची आशा लागते. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी तिथे उभा. दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहतो, उठवायला गेलं की अंग टाकून देतो, हाताची कातडी खरवडतो. त्याच्या हातावरचे ते फोड आणि पट्ट्या बघून कुणी आणखी काही समजू नये, म्हणून हेही लिहितो: कातडी खरवडणं हा याच आजाराचा भाग आहे. साधा डास चावला तरी ती जखम महिनाभर भरत नाही. तुम्ही प्रेमाने दिलंत हे मला कळतं. आपल्याकडे घरात आलेल्या पोराच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्याला पाठवत नाहीत, माझी आईही पाठवत नसे. या एका पोराला मात्र रिकाम्या हाताने पाठवा. त्याच्याशी बोला, टाळी द्या, वर्तकनगरहून कुठल्या नंबरची टीएमटी बस कुठे जाते ते विचारा. पाठ सुटणार नाही.

दहीहंडीच्या दिवशी गेटवर जे झालं ते आता लिहिणं भाग आहे. मोठ्या मुलांनी त्याला वडापाव दिले आणि हा किती खातो यावर पैज लावली. व्हिडिओ काढला. मी खाली पोचेपर्यंत बरेच खाऊन झाले होते. यात हसण्यासारखं काय नाही ते ऐका. या मुलांना सहसा उलटी होत नाही. दुखणंही त्यांना उशिरा आणि कमी जाणवतं. तुमचं-माझं पोट असं गच्च भरलं तर आपण ओरडू, ओकून टाकू. हा गप्प असतो. एका बैठकीत बेसुमार खाऊन पोटाला चीर गेलेली, त्यात जीव गेलेली मुलं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. घाईघाईने गिळताना घास अडकून गुदमरणं हा आणखी एक धोका. त्या रात्री पोट फुगलेलं बघून आम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. तो डॉक्टरांना विचारत होता, "सकाळी साडेसातला काय?" पैज लावणाऱ्या मुलांची नावं मला माहीत आहेत. त्यांच्या घरी मी गेलो नाही, जाणारही नाही. व्हिडिओ मात्र फोनमधून काढून टाका, एवढं त्यांच्या आईवडिलांनी बघावं.

त्याला चोर म्हणू नका. हो, तो घेतो. वॉचमनच्या केबिनमधला डबा त्याने उघडला होता, तळमजल्यावरच्या मांजरांच्या वाटीतलं खाल्लं होतं, डिलिव्हरीवाल्याने गेटवर ठेवलेलं पार्सल फोडलं होतं. पैसे मी दिले, द्यायलाच हवेत. पण तुम्ही-आम्ही श्वास रोखून किती वेळ बसू शकतो? त्याला तसंच आहे. काही गेलं तर त्याच्यावर ओरडू नका, मला फोन करा, आणि काय गेलं, किती गेलं ते नीट सांगा. मला ते रात्रीच्या जेवणातून वजा करायचं असतं आणि पोटावर नजर ठेवायची असते. लपवलंत तर पंचाईत होते. त्याची दया येऊन लपवणारेही आहेत, म्हणून सांगितलं.

आता गणपती. समितीला माझी खरी विनंती इथे आहे. गेल्या वर्षी दोन सभासदांनी आपुलकीने सुचवलं, की उत्सवाचे दिवस त्याला गावी न्या, म्हणजे त्रास नको. आम्ही नेणार नाही. त्याला सगळ्या आरत्या पाठ आहेत, मंत्रपुष्पांजलीसकट, आणि झांजेचा ठेका तुमच्यापैकी निम्म्यांपेक्षा तो बरा धरतो. तो आरतीला येणार. एवढंच करा, की आरती चालू असताना प्रसादाचं ताट मूर्तीपाशी उघडं ठेवू नका. नैवेद्य दाखवून झाला की ताट क्लब हाउसच्या खोलीत न्या, आरती संपवा, मंत्रपुष्पांजली म्हणा, आम्ही त्याला घेऊन वर जाऊ, मग वाटप करा. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. त्याचा प्रसाद चिमूटभर, कागदात बांधून माझ्या हातात. चतुर्थीला त्याला घरी एक उकडीचा मोदक मिळतो, तो तक्त्यावर महिनाभर आधी लिहिलेला असतो आणि त्याची वाट तो जितकी बघतो तितकी तुम्ही बोनसची बघत नसाल. महाप्रसादाच्या दिवशी दुपारी आम्ही खाली येणार नाही. पंगतीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. त्या दिवशी सून रजा घेते आणि आम्ही सकाळीच येऊरच्या बाजूला निघून जातो.

दिवाळीचा फराळ पाठवू नका असं म्हणवत नाही. चकली कुणाची खुसखुशीत होते ते मला माहीत आहे. पण ताट घेऊन वर येऊ नका, मला खाली बोलवा. मी औषधांच्या पिशवीतून घेऊन जाईन. आमच्या घरात खाण्याची चोरटी आयात चालते, त्यात आता मी तरबेज झालो आहे. मामलेदारची मिसळ आम्ही सोडलेली नाही. पाळीपाळीने जातो, आणि परत येताना साबणाने हात धुऊन, चूळ भरून येतो, कारण त्याला वास येतो. तलावपाळीला पॅडल बोटीचा त्याला भारी नाद आहे, पण तिथे संध्याकाळी खाण्याच्या ज्या गाड्या लागतात त्यामुळे पाऊल ठेवण्याची सोय नाही. रविवारी भल्या पहाटे उपवनला नेतो, तेव्हा मक्याचं कणीसवालाही आलेला नसतो. ठाण्यात चालायला जागा पुष्कळ आहेत, खाण्याची गाडी नसलेला रस्ता मात्र मला अजून सापडायचा आहे. शाळेत जाताना आम्ही मागची गल्ली घेतो, लांब पडते, पण तिथे फक्त गॅरेज आणि झेरॉक्सचं दुकान आहे.

एक नियम सगळ्यांसाठी मागतो आहे. ओल्या कचऱ्याचा डबा रात्री दाराबाहेर ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, सकाळी हाउसकीपिंगवाला उचलतो. तो डबा रात्री घरात ठेवा, सकाळी सहानंतर बाहेर काढा. कारण लिहायला जीभ अडखळते, पण लिहितो: आमच्या दाराची कडी रात्री एकदा चुकून राहिली होती आणि तो जिन्यात डब्यापाशी सापडला. उंदीर-मांजरांसाठीही हा नियम बरा आहे. ज्यांना आमच्या नातवासाठी तो मान्य करायचा नसेल त्यांनी उंदरांसाठी करावा.

आणि पार्सलं वॉचमनच्या टेबलावर न ठेवता वरच्या फळीवर, दाराच्या पेटीत ठेवावीत. पेटी मी करून देतो, लाकूड पडून आहे. कुलूपही माझ्याकडे जास्तीचं आहे.

तो जिगसॉ पझलमध्ये हुशार आहे हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. या आजाराच्या बऱ्याच मुलांचा त्यात हात धरता येत नाही. पाचशे तुकड्यांचं चित्र तो एकटा लावतो आणि मी चुकीचा तुकडा हातात घेतला की बोट उगारतो. दुपारी मात्र त्याला झोप आवरत नाही, वर्गातही डुलक्या काढतो, तोही आजारच. आपल्या सोसायटीच्या लायब्ररीत न वापरलेली दोन पझल्स पडून आहेत असं कळलं. ती त्याच्यापर्यंत पोचवलीत तर खाऊची कसर भरून निघेल, आणि मलाही दुपारी डोळा लावता येईल.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे. सचिवांना विनंती, की कचऱ्याच्या डब्याचा, पार्सलच्या पेटीचा आणि प्रसाद वाटपाचा विषय विषयपत्रिकेत घ्यावा. सभेला मी स्वतः येईन आणि विचाराल त्याची उत्तरं देईन. पाच वाजता मात्र मला वर जावं लागेल. विषय पार्किंगच्या आधी घ्यावा. पार्किंग निघालं की आपल्याकडे पुढचं काही होत नाही, हे गेल्या सगळ्या सभांचं इतिवृत्त काढून बघावं.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचे आबा
ठाणे (पश्चिम)